'ययाति': उपमा जास्त, पण रूपक भारी

वि. स. खांडेकरांची 'ययाति' ही कादंबरी १९५९ साली आली. तिला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पुढे १९७४ चं ज्ञानपीठही, मराठीतलं पहिलंच. तेव्हा तिला माझ्या प्रशस्तिपत्राची गरज नाही. मी बोलणार आहे ते तिच्यातल्या उपमा-रूपकांबद्दल, कारण आम्ही मराठीच्या बाई वर्गात हाच भाग सगळ्यात निर्जीवपणे शिकवतो. उपमेय, उपमान, साधर्म्य दाखवणारा शब्द. मुंबईची घरं आणि कबुतरांची खुराडी. घ्या दोन गुण.

सुट्टीत पेन्सिल घेऊन वाचायला बसले आणि थोड्याच वेळात समास खुणांनी भरला. समुद्र, वीज, वादळ, फुलं, पाखरं, ज्योत. खांडेकरांचं एका उपमेवर भागत नाही. एक देऊन झाली की पाठोपाठ दुसरी येते. माझ्या आईच्या पिढीनं ही वाक्यं वहीत उतरवून काढली. मला आज त्यातली निम्मी जास्तीची वाटतात.

खरी अडचण मात्र संख्येची नाही. कथा सांगतात तिघं जण. ययाती राजवाड्यात वाढलेला, देवयानी आश्रमात, आणि शर्मिष्ठा राजकन्या असून दासी झालेली. तिघांनी आयुष्यात वेगवेगळं पाहिलंय, मग तिघांच्या उपमा एकाच बागेतल्या कशा? देवयानीच्या तोंडी समिधा, यज्ञाचा धूर, गोठ्यातली गाय जास्त यायला हवी होती. माणूस कशाची तुलना कशाशी करतो यावरून तो कुठे वाढला, कशाला भितो, हे न सांगता कळतं. चार वर्षं आधी आलेली व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' शेजारी ठेवून पाहा. माणदेशातलं धनगरांचं गाव आणि हात राखून वापरलेले शब्द. तिथली तुलना बहुधा त्या माळावरची, मेंढरांच्या जगातलीच असते, आणि म्हणून ती डोक्यात राहते.

एवढी कुरकुर करूनही 'ययाति' खाली ठेववत नाही. कारण तिचं मोठं रूपक कथानकातच आहे. देवयानीचे वडील शुक्राचार्य यांच्या शापानं ययाती अकाली म्हातारा होतो आणि पोटच्या पोराकडे तारुण्य मागतो. हा ययाती म्हणजे आजचा सुखामागे धावणारा माणूस, असं खांडेकरांनी स्वतःच म्हटलंय. एकदा ते ध्यानात आलं की 'जणू', 'सारखा', 'गत' यांपैकी काहीही न येता पानंच्या पानं उपमान होऊन बसतात. मला तर आपलं राहून गेलेलं इंजिनिअरिंग मुलाच्या डोक्यावर ठेवणारे पालक दिसले. दहावीच्या निकालाला दरवर्षी भेटतात.

तीच गोष्ट कपड्यांच्या अदलाबदलीची. एवढ्याशा कारणावरून देवयानी आणि शर्मिष्ठा भांडतात, एक विहिरीत पडते, दुसरीला जन्माचं दासीपण येतं. गुरूची मुलगी मोठी की राजाची, हा सगळा वाद त्या एका वस्त्रात आहे. ते उलगडून सांगायला कुठली उपमा लागत नाही. वर्गात रूपक शिकवताना मी आता मुखचंद्राऐवजी हाच प्रसंग सांगणार आहे.

शर्मिष्ठेची निवेदनं सगळ्यात जमलीत. अलंकार तिथेही कमी नाहीत, पण तिच्यावर गुदरलेलं इतकं खरं आहे की ते टोचत नाहीत. ययाती स्वतःबद्दल बोलू लागला की मात्र मी दोन-तीनदा पानं उलटून पुढे गेले.

भाषा संस्कृतप्रचुर आहे, तेव्हा सलग वाचायचा हट्ट नको. रोज एकेकाचं निवेदन घ्यावं. वासनेचं चित्रण बऱ्यापैकी मोकळं आहे. शाळकरी मुलांच्या हाती देण्याआधी घरातल्या कुणीतरी वाचलेली बरी, अकरावीनंतर खुशाल द्या.