आईचा खोकला आणि चार डॉक्टर: समूह-दवाखान्याचा अकरा महिन्यांचा अनुभव

आमच्या भागातील समूह-दवाखान्यात कुटुंबाची नोंदणी करून आता अकरा महिने झाले. नोंदणी कशी होते, ॲप कसे चालते, औषधांची फेरचिठ्ठी घरबसल्या कशी मागवायची, हे बहुतेकांना ठाऊक असल्यामुळे त्याचे वर्णन करत बसत नाही. तिसऱ्या महिन्यात हा अनुभव लिहायला घेतला होता तेव्हा माझे मत चांगले होते, सातव्या महिन्यात ते पार बिघडले, आणि आज लिहिते आहे ती आईच्या खोकल्यामुळे.

सुरुवातीचे मत आधी सांगते, कारण ते मला पुढे बदलावे लागले. इथे पाच डॉक्टर आहेत, केसपेपर संगणकावर आहे आणि ज्यांची वेळ मोकळी असेल ते डॉक्टर त्याच दिवशी तपासतात. आमचे आधीचे डॉक्टर एकट्यानेच दवाखाना चालवत असल्यामुळे ते आजारी पडले की दाराला कुलूप लागे. त्या मानाने ही सोय मला फार मोठी वाटली. तक्रार होती ती फक्त सकाळच्या फोनची. आठ वाजता लाइन सुरू होते आणि साडेआठपर्यंत त्या दिवसाच्या सगळ्या वेळा संपलेल्या असतात. मी सहा आठवडे वहीत नोंद ठेवली: सोमवारी साधारण पस्तीस मिनिटे थांबावे लागे, गुरुवारी दहा. सोमवारी गर्दी होणार हे दर आठवड्याला दिसत असताना सोमवारी आणि गुरुवारी सारख्याच वेळा का खुल्या होतात, हे मला अजूनही पटलेले नाही. पण ही तक्रार आता दुसऱ्या क्रमांकावर गेली आहे.

पाचव्या महिन्यात आईचा रक्तदाब वाढलेला निघाला आणि तिला रामिप्रिल सुरू झाले. गोळीने रक्तदाब आटोक्यात आला. पुढे तिला कोरडा खोकला लागला, दिवसा थोडा आणि रात्री आडवे झाले की जास्त. पहिल्या खेपेला एका डॉक्टरांनी घसा तपासून सिरप दिले. तीन आठवड्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी ॲलर्जीची गोळी दिली. तिसऱ्यांनी छातीचा एक्स-रे काढायला सांगितला, तो स्वच्छ आला. यांपैकी कुणीही हलगर्जीपणा केला असे मला म्हणायचे नाही. प्रत्येकाने समोरच्या दहा मिनिटांत जे दिसले त्यावर योग्यच उपाय केला. मात्र प्रत्येक वेळी आईला खोकला कधी सुरू झाला, कफ पडतो का, ताप होता का, हे पहिल्यापासून सांगावे लागे. तिसऱ्या वेळी ती मला एवढेच म्हणाली, "मागच्या डॉक्टरांना सांगितलंय की गं मी हे सगळं." त्यानंतर तिने जायचेच सोडले, आणि दोन महिने ती रात्री पाठीशी तीन उशा लावून बसून झोपत होती.

चौथ्या डॉक्टर आम्हाला केवळ योगायोगाने मिळाल्या. त्यांनी खोकल्याबद्दल काही विचारण्याआधी आईला पिशवीतली सगळी औषधे टेबलावर ठेवायला सांगितली, मग संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला आणि एका ओळीवर बोट ठेवले. वरच्या ओळीत रामिप्रिल सुरू केल्याची तारीख होती, खालच्या ओळीत खोकल्याची पहिली तक्रार, आणि दोन्हींमध्ये एकोणीस दिवसांचे अंतर होते. रामिप्रिलच्या वर्गातील औषधांमुळे शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ साचतो आणि काही रुग्णांना त्यामुळे कोरडा खोकला लागतो, हे त्यांनी आईला समजेल अशा भाषेत सांगितले. रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, ती बदलायची, असे बजावून त्यांनी लोसार्टन लिहून दिले. तिसऱ्या आठवड्यात आई एका उशीवर झोपू लागली.

घरी आल्यावर मला आनंदापेक्षा चीड जास्त आली. ती माहिती पहिल्या दिवसापासून त्याच केसपेपरवर होती. ज्या डॉक्टरांनी रामिप्रिल सुरू केले त्यांच्याचकडे आई खोकला घेऊन गेली असती, तर त्यांना बहुधा पाने मागे चाळावीही लागली नसती. अकरा महिने मी फोनवरची मिनिटे मोजत राहिले आणि आई किती वेगवेगळ्या डॉक्टरांपुढे बसली हे मोजलेच नाही. मोजले तेव्हा सात भेटींत पाचही डॉक्टर झाले होते.

मग मी ठरवून नाव घेऊन वेळ मागायला सुरुवात केली. ॲपमध्ये डॉक्टर निवडण्याची सोय आहे, पण ती "पहिली उपलब्ध वेळ" या मोठ्या बटणाच्या खाली, आणखी एक पान उघडल्यावर दिसते. या एका बटणावर माझा सगळ्यात जास्त राग आहे, कारण घाईत असलेला माणूस वरचेच बटण दाबणार आणि दवाखान्याच्या हिशेबात त्याची नोंद समाधानी रुग्ण म्हणून होणार. आमच्या चौथ्या डॉक्टरांची वेळ मिळायला साधारण नऊ दिवस लागतात. ताप किंवा जखम असेल तर कुणीही चालेल; पण जुन्या दुखण्यासाठी मी आता नऊ दिवस थांबते आणि मला ते परवडते.

हा माझा एकटीचा हट्ट नाही. नॉर्वेमध्ये २००१ पासून रहिवाशांना नावानिशी ठरलेला फॅमिली डॉक्टर मिळण्याची पद्धत आहे. तिथल्या संशोधकांनी सुमारे ४५ लाख लोकांच्या २०१८ मधील नोंदी तपासल्या. ज्यांचे आपल्या डॉक्टरशी नाते पंधरा वर्षांहून जुने होते, त्यांच्यात तातडीने रुग्णालयात दाखल होण्याची शक्यता जेमतेम वर्षभराचे नाते असलेल्यांपेक्षा सुमारे २८ टक्के कमी आढळली आणि मृत्यूची शक्यता सुमारे २५ टक्के कमी. हा अभ्यास निरीक्षणावर आधारलेला असल्यामुळे कार्यकारणाबद्दल जपूनच बोलायला हवे, पण नाते जितके जुने तितका फरक अधिक, अशी ती चढती पायरी आहे.

म्हणूनच गेल्या महिन्यात दवाखान्याने पुढील पाच वर्षांचा आराखडा रुग्णांपुढे मांडला तेव्हा मी तो आवर्जून वाचला. त्यात तपासणीच्या खोल्या वाढणार आहेत, वाढत्या वस्तीसाठी नोंदणी खुली राहणार आहे, आणि डॉक्टरांचा रोजचा वेळ ९५ टक्के भरलेला असावा असे उद्दिष्ट आहे. हे शेवटचे वाक्य कार्यक्षमतेचे वाटते, पण त्यातच रांगेचे मूळ आहे. डेन्मार्कचे गणितज्ञ आग्नर एर्लांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोनच्या कॉलवरून रांगांचे जे गणित सुरू केले त्याच्या अगदी साध्या रूपात पाहा: एकच डॉक्टर, रुग्ण येण्याची वेळ अनिश्चित, तपासणीला कमीअधिक वेळ लागणारा, पण सरासरी दहा मिनिटांचा. डॉक्टरांचा वेळ ८० टक्के भरलेला असेल तर सरासरी प्रतीक्षा ४० मिनिटांची येते; ९० टक्क्यांना ती ९० मिनिटे होते आणि ९५ टक्क्यांना १९०. वेळ ठरवून भेटी दिल्या की आकडे बदलतात, पण वळण तेच राहते. थोडी रिकामी जागा ठेवली नाही तर नावाने वेळ मागणारा माणूस सगळ्यात आधी मागे ढकलला जातो.

आराखड्यात दुसरी उणीव माणसांची आहे. पाचांपैकी दोन डॉक्टर याच पाच वर्षांत निवृत्त होणार, हे स्वागतकक्षात सगळ्यांना माहीत आहे, पण कागदावर त्याचा उल्लेख नाही. खोली वर्षभरात बांधून होते. वैद्यकीय शिक्षणाला प्रवेश घेतल्यापासून फॅमिली डॉक्टर तयार व्हायला अनेक देशांत नऊ-दहा वर्षे लागतात. शिवाय नोंदणीचा नुसता आकडा पुरेसा नाही: त्यात सत्तरी ओलांडलेले किती, तान्ही बाळे किती, मधुमेह आणि रक्तदाबाचे जुने रुग्ण किती, यावर भेटींची संख्या ठरते. वेल्समधील डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये लिहिले होते की जिथे गरज अधिक तिथे चांगली वैद्यकीय सेवा मिळण्याची शक्यता कमी असते. आठ वाजता फोन हातात धरून बसणे ज्यांना जमत नाही, त्यांच्याबाबतीत आमच्याकडे नेमके हेच घडते, आणि त्यात आईच्या वयाचीच माणसे जास्त आहेत.

मी लेखी अभिप्राय दिला आहे. त्यात तीन मागण्या केल्या: दीर्घकालीन आजाराच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर एका ठरलेल्या डॉक्टरांचे नाव लिहावे, निवृत्त होणाऱ्या डॉक्टरांनी शेवटचे सहा महिने नव्या डॉक्टरांसोबत मिळून आपले जुने रुग्ण तपासावेत, आणि ॲपमधले ते बटण खाली न्यावे. पोच मिळाली आहे, उत्तर अजून नाही. नोंदणी आम्ही बदललेली नाही. आईची फेरतपासणी येत्या बुधवारी आहे, त्याच डॉक्टरांकडे; औषधांची पिशवी तिने आतापासूनच दाराजवळच्या खुंटीला अडकवून ठेवली आहे.