वॉर रिस्क कव्हर घ्या, पण क्लॉज वाचून
समुद्रामार्गे माल पाठवणाऱ्यांसाठी सांगतोय, साध्या मरीन पॉलिसीत (समुद्रातून जाणाऱ्या मालाच्या विम्यात) युद्धाचं नुकसान धरलेलंच नसतं, कव्हर वेगळं घ्यावं लागतं आणि तेही साधारण माल जहाजावर असेपर्यंतच, पुढे गोदामावर बॉम्ब पडला तर बसा बोंबलत. नोव्हेंबर 2023 पासून लाल समुद्रात हुथींचे (येमेनमधले बंडखोर) जहाजांवर हल्ले वाढले, जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला लागली, दहाबारा दिवस सहज वाढतात, पण नुसत्या उशिराचे पैसे पॉलिसी देतच नाही! हे एजंटने आधीच समजावलं म्हणून चार स्टार. एक कापला, कारण 7 दिवसांच्या नोटिशीवर कंपनी पुढच्या खेपांचं कव्हर रद्द करू शकते, ते बोलला नाही पठ्ठ्या.