अंगण आणि बागेसाठी वाळू: नदीची, क्रश सँड की डस्ट?

सातारा किंवा सांगली परिसरात घराचे बांधकाम पूर्ण होते तेव्हा अंगण आणि बाग यांचे काम सर्वांत शेवटी उरते. तोपर्यंत हातातला पैसा आटत आलेला असतो आणि ‘दोन ट्रॉली वाळू टाकून घेऊ’ एवढ्या तोंडी अंदाजावर व्यवहार ठरून जातो. प्रत्यक्षात वाळू किती लागेल हे मोजता येते. कोणती घ्यावी हेही एकट्या दरावरून ठरत नाही, कारण तीच वाळू पेव्हरखाली उत्तम आणि हिरवळीत निरुपयोगी ठरू शकते. नदीची वाळू, दगड फोडून तयार केलेली क्रश सँड आणि क्रशरवर खडी फोडताना उरणारी डस्ट या तिन्हींची तुलना येथे कामानुसार केली आहे. प्रस्तुत लेखकाचे मत आधीच सांगायचे तर घरगुती अंगणाच्या मोठ्या भागाला नदीच्या वाळूची गरज नसते, आणि जिथे ती खरोखर लागते तिथे ती थोडीच लागते.

हिशोबासाठी एक मध्यम अंगण धरू. त्यात ४०० चौरस फूट पेव्हिंग ब्लॉक, ६०० चौरस फूट हिरवळ आणि मुलांना खेळण्यासाठी ६ फूट बाय ६ फूट आकाराचा, एक फूट खोल वाळूचा हौद आहे. आपल्याकडे वाळू ब्रासने विकली जाते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात सुमारे २.८३ घनमीटर. वजनात पाहिले तर कोरड्या, सुट्या नदीच्या वाळूचा ब्रास साधारण सव्वाचार ते साडेचार टन भरतो आणि काळ्या पाषाणाची क्रश सँड त्याहून थोडी जड, साडेचार ते पाच टनांपर्यंत जाते. हे आकडे जवळ असले की टनाचा दर सांगणारा क्रशर आणि ब्रासचा दर सांगणारा ट्रॅक्टरवाला यांची तुलना घरबसल्या करता येते.

पेव्हरखालची वाळू

ब्लॉकखाली वाळूचा थर दाबून झाल्यावर सुमारे ४० मिलिमीटर, म्हणजे दीड इंचाहून किंचित जास्त राहावा, असे धरले तर ४०० चौरस फुटांना ५२ ते ५३ घनफूट वाळू लागते. सुटी वाळू दाबली की बसते, म्हणून २० टक्के वाढवून ६३ घनफूट आणि सांडलवंड धरून ६६ घनफूट हा आकडा येतो. म्हणजे पाऊण ब्रासपेक्षाही कमी. मात्र हा हिशोब खालची मुरुमाची किंवा खडीची बैठक सारखी असेल तरच टिकतो. बैठक सरासरी अर्धा इंच जरी खोल राहिली, तरी ४०० चौरस फुटांत सतरा घनफुटांचा खड्डा जास्तीचा भरावा लागतो आणि दाबणी धरून वीस घनफूट वाळू वाढते. अंदाज चुकण्याचे सर्वांत मोठे कारण हेच असते. उंचसखलपणा वाळूने भरून काढण्याची ठेकेदारांना सवय असते, कारण रोलर पुन्हा फिरवण्यापेक्षा मालकाच्या पैशाने आणखी एक पाटी ओतणे सोपे जाते. शिवाय जाड-पातळ थर वेगवेगळा बसतो आणि पहिल्या पावसाळ्यातच ब्लॉक खालीवर होतात. म्हणून वाळू मागवण्याआधी बैठकीवर दोरी ताणून पातळी तपासणे, हा खर्च वाचवण्याचा पहिला उपाय आहे.

या थरासाठी काँक्रीटच्या प्रतीची क्रश सँड सर्वांत योग्य ठरते. तिचे कण कोनदार असल्यामुळे ते एकमेकांत अडकतात आणि वाहनाच्या भाराने सरकत नाहीत. नदीची वाळूही येथे चालते, परंतु जास्त पैसे मोजून तिच्यापासून अधिक काही मिळत नाही. डस्टचे तसे नाही. खडी फोडताना उरणाऱ्या या चुरीत पिठासारखी भुकटी भरपूर असते, ती पाणी धरून ठेवते, आणि गाडी आत-बाहेर करू लागली की सांध्यांतून चिखल वर येऊ लागतो. जत, आटपाडी किंवा माणसारख्या कमी पावसाच्या तालुक्यांत केवळ पायवाटेखाली ती निभावून जाईल. साताऱ्याच्या पश्चिमेकडे, जावळी-महाबळेश्वरच्या पावसात किंवा कृष्णाकाठच्या सखल वस्तीत गाडीच्या जागेखाली डस्ट घालणे म्हणजे वाचवलेले पैसे दोन वर्षांत दुरुस्तीला देणे होय.

सांध्यांत भरायची वाळू वेगळी आणि अगदी थोडी लागते. साठ मिलिमीटर जाडीचे नेहमीचे ब्लॉक आणि तीन मिलिमीटरचे सांधे धरले तर आपल्या अंगणाला चार ते पाच घनफूट, म्हणजे पन्नास किलोची चार पोती पुरतात. ही वाळू बारीक आणि पूर्ण कोरडी हवी. प्लास्टरच्या प्रतीची क्रश सँड उन्हात पसरून, चाळून वापरली तरी काम होते.

हिरवळ आणि खेळाचा हौद

सांगली, मिरज, वाळवा भागातील काळ्या मातीत पाणी मुरत नाही, म्हणून हिरवळीसाठी ‘मातीत थोडी वाळू मिसळा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. हा थोडेपणाच घातक आहे. चिकण मातीत पाचवा हिस्सा वाळू मिसळली तर मातीचे बारीक कण वाळूमधील पोकळ्या भरून टाकतात आणि वाळल्यावर जमीन पूर्वीपेक्षाही टणक होते. खरा फरक पडण्यासाठी निम्म्याहून अधिक वाळू लागते. ६०० चौरस फुटांत सहा इंच खोलीपर्यंत तसे करायचे म्हटले तर दीड ब्रास वाळू केवळ मातीत जिरवावी लागेल. त्याऐवजी जमिनीला उतार देऊन, चांगले कुजलेले शेणखत घालून माती भुसभुशीत करावी आणि वर वाळू, शेणखत व पोयटा (सुपीक गाळाची माती) समप्रमाणात मिसळून दोन इंचांचा थर द्यावा. या थराचे आकारमान १०० घनफूट होते आणि त्यात वाळू सुमारे ३५ घनफूट बसते. साताऱ्याकडच्या तांबड्या, मुरमाड जमिनीत निचरा मुळातच चांगला असतो, त्यामुळे तेथे एवढीही गरज नसते आणि तोच पैसा खतात घालणे श्रेयस्कर ठरते.

या मिश्रणासाठी नदीची किंवा धुतलेली वाळू घ्यावी, कारण न धुतलेल्या क्रश सँडमधील भुकटी पाण्याबरोबर खाली उतरून पुन्हा थर घट्ट करते. क्रश सँडमध्ये अशी भुकटी जास्त असते हे काँक्रीटच्या वाळू-खडीसाठीच्या भारतीय मानक आयएस ३८३ मध्येही गृहीत धरलेले आहे. ७५ मायक्रॉनहून बारीक कणांची मर्यादा तेथे नैसर्गिक वाळूसाठी ३ टक्के आहे, तर फोडलेल्या वाळूसाठी १५ टक्के. काँक्रीटमध्ये ही भुकटी चालते, मुळांभोवती चालत नाही. मुलांच्या हौदासाठी तर क्रश सँड आणि डस्ट दोन्ही बाद समजावेत. कोनदार कण कोवळ्या हातांना टोचतात आणि उडणारी भुकटी श्वासात जाते. हौदाला ३६ घनफूट वाळू लागेल, आणि मांजरांनी घाण करू नये म्हणून वर झाकण लागेल, ज्याचा खर्च कोणी धरत नाही.

दर लावताना

आपल्या अंगणाची बेरीज अशी होते: क्रश सँड सुमारे ७१ घनफूट आणि नदीची अथवा धुतलेली वाळू सुमारे ७१ घनफूट, एकूण १.४ ब्रास. हा आकडा कोरड्या वाळूचा आहे, आणि ट्रॉलीत येणारी वाळू क्वचितच कोरडी असते. दमट वाळूत कणांभोवती पाण्याचा पापुद्रा धरतो व कण एकमेकांपासून दूर राहतात, त्यामुळे पाच ते आठ टक्के ओलाव्यावर बारीक वाळू वीस ते तीस टक्के फुगलेली असू शकते. गंमत अशी की पूर्ण भिजलेली, पाणी गळणारी वाळू पुन्हा मूळ आकारमानावर येते. यातून खरेदीचा एक सोपा नियम निघतो. वाळू नुसती दमट असेल तर वजनाने घेणे फायद्याचे, कारण पाण्यापोटी पाच-सात टक्केच जास्त जातात. पाणी निथळत असेल तर मापाने घ्यावी, कारण वजनकाट्यावर सगळे पाणी वाळूच्या दराने मोजले जाईल.

समजा, नदीची दमट वाळू साइटवर पोच ८,००० रुपये ब्रास आणि क्रश सँड ४,५०० रुपये ब्रास मिळते. हे दर बाजारभाव नव्हेत, केवळ रीत दाखवण्यासाठी धरले आहेत. नदीची वाळू वीस टक्के फुगलेली असेल तर शंभर घनफुटांत खरी वाळू ८३ घनफूट निघते. चाळल्यावर गोटे आणि शिंपले काढून ७९ उरले, तर प्रत्येक घनफूट ८० नव्हे, १०१ रुपयांना पडला. क्रश सँड दहा टक्के फुगलेली धरली तरी ९१ घनफूट मिळतात आणि चाळण्याची गरज पडत नाही, त्यामुळे तिचा घनफूट ४९ ते ५० रुपयांना पडतो. वरवर पाहता पावणेदोन पटीचा वाटणारा फरक हिशोबात दुपटीच्या वर जातो. संपूर्ण काम नदीच्या वाळूत केले तर सुमारे १४,३०० रुपये आणि वाटणी करून केले तर सुमारे १०,७०० रुपये होतील. मात्र वाटणीत दोन खेपा येतात. दुसऱ्या खेपेचे भाडे पोच दरात धरलेले नसेल आणि ते या ३,६०० रुपयांच्या जवळ जात असेल, तर शेजारच्या घराबरोबर मिळून मागवणे किंवा हौदापुरती नदीची धुतलेली वाळू पोत्यांतून आणणे बरे.

माप उतरण्यापूर्वीच घ्यावे. ट्रॉलीच्या हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजून गुणाकार करावा. १० फूट बाय ६ फूट बाय दीड फूट हौद्यात ९० घनफूटच मावतात, मग पावतीवर काहीही लिहिलेले असो. मधोमध शीग दिसते म्हणून समाधान मानू नये, कारण चारही कोपरे बहुधा खाली असतात. एक सरळ काठी कोपऱ्यात उभी खुपसून खोली पाहिली की उत्तर मिळते. गाळ तपासण्यासाठी काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत वाळू आणि वर मिठाचे पाणी घालून हलवावे व तीन तास ठेवावे. वाळूवर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांहून जाड असेल तर तो माल परत पाठवावा.

नदीच्या वाळूचा आणखी एक खर्च कागदावरचा आहे. शासनाने २०२३ च्या धोरणात डेपोवरील वाळूसाठी ब्रासला ६०० रुपये दर जाहीर केला होता. २०२५ मध्ये लिलावाची पद्धत परत आली आणि कृत्रिम वाळूला उत्तेजन देणारे धोरणही मंजूर झाले. या बदलांमुळे पुरवठा आणि दर दोन्ही अस्थिर राहतात, आणि पावसाळ्यात उपसा बंद असताना ते अधिकच चढतात. वाहतूक पासाशिवाय आलेली ट्रॉली स्वस्त पडली तरी नाकारावी, कारण विनापरवाना गौण खनिजावर (त्यात वाळूही येते) महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ नुसार बाजारमूल्याच्या पाच पटीपर्यंत दंड होऊ शकतो. क्रश सँडलाही पास लागतोच, पण क्रशरवरून वजनकाट्याच्या पावतीसह तो सहज मिळतो.

मागवण्याचा क्रम असा ठेवावा की बैठकीची पातळी तपासून झाल्यावर आधी क्रश सँड यावी, ब्लॉक बसून कडेचे दगड (कर्ब) पक्के झाल्यावरच हिरवळीची वाळू यावी, आणि सांध्यांच्या वाळूपैकी एक पोते छपराखाली कोरडे राखून ठेवावे. पहिल्या पावसाळ्यात सांधे थोडे रिकामे होतातच, आणि तेवढ्यासाठी पुन्हा गाडी बोलावण्याची वेळ येत नाही.