ई चिंग शिकायचं तर पुस्तक शेवटून उघडा

ई चिंग हा चीनचा सुमारे तीन हजार वर्षांचा कौल. आपल्याकडे बरेच जण त्याला 'आय चिंग' म्हणतात, पण उच्चार 'ई'च. प्रश्न विचारायचा, नाणी टाकून किंवा काड्या मोजून सहा रेघा मिळवायच्या, ६४ आकृत्यांपैकी आपली कोणती ते शोधायचं आणि तिचा मजकूर वाचायचा. शिकायला दोन तास पुरतात. तरीही नवशिके अडकतात, आणि अडकतात ते ठरावीक चार-पाच ठिकाणीच. म्हणून इथे पुस्तक, नाणी, काड्या आणि ॲप या चारही गोष्टींचं परीक्षण एकत्र करतो आहोत.

आधी पुस्तक. रिखार्ड विल्हेल्म हा जर्मन मिशनरी चिंगदाओत राहिला, लाओ नाईश्वान या जुन्या वळणाच्या विद्वानाकडे बसून हा ग्रंथ शिकला आणि १९२४ साली त्याचा जर्मन अनुवाद छापला. त्यावरून कॅरी बेन्स यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९५० साली आला. आज बाजारात मिळतो तो प्रिन्स्टन युनिव्हर्सिटी प्रेसचा सातशेहून जास्त पानांचा जाड ठोकळा, एका खंडातला. मजकूर उत्तम, छपाई स्वच्छ. मांडणी मात्र नवशिक्याच्या मुळावर येणारी.

सुरुवातीला मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगची प्रस्तावना आहे, मग विल्हेल्मची, आणि कौल कसा लावायचा ते थेट शेवटी, परिशिष्टात. आकृती ओळखायचा तक्ताही मागेच. त्यात प्रत्येक आकृती पुस्तकात दोनदा येते: पहिल्या भागात मूळ मजकूर आणि सोपं विवरण, तिसऱ्या भागात तीच आकृती जुन्या टीकांसह पुन्हा. हे माहीत नसलेला माणूस चुकून तिसऱ्या भागात शिरतो आणि 'हे आपल्याच्याने होणार नाही' म्हणत पुस्तक मिटतो. तेव्हा सरळ मागून उघडा. परिशिष्ट वाचा, तक्त्याच्या पानाला रंगीत चिठ्ठी लावा, आणि पहिले सहा महिने फक्त पहिल्या भागात राहा.

आणखी एक खोच. पहिल्या भागात काही रेघांच्या मजकुराशेजारी बारीक वर्तुळ किंवा चौकोन छापलेला दिसतो. ती त्या आकृतीच्या 'स्वामी' रेघेची खूण, तुमच्या कौलाशी तिचा काही संबंध नाही. पण बदलती यांग (म्हणजे अखंड; तुटलेली ती यिन) रेघ वहीत लिहितानाही मधे वर्तुळच काढतात, त्यामुळे दोन्ही खुणांची गल्लत हमखास होते.

नाण्यांकडे वळू. फेंगशुईच्या दुकानात लाल दोऱ्यात ओवलेली भोकाची तीन नाणी मिळतात. दिसायला छान, पण दोरा सोडल्याशिवाय उपयोग शून्य. सोडल्यावर कळतं की दोन्ही बाजूंना अक्षरं आहेत. चीनच्या छिंग राजवटीतल्या जुन्या नाण्यांवर, आणि त्यांच्या नकलांवरही, साधारणपणे एका बाजूला चार चिनी अक्षरं आणि दुसऱ्या बाजूला मांचू भाषेतले दोन शब्द असतात. चार अक्षरांची बाजू यिन, किंमत २. मांचू बाजू यांग, किंमत ३. खरं तर रुपयाची तीन नाणी घेतली तरी चालतं: आकडा असलेली बाजू २, सिंहमुद्रेची ३. उलट ठरवलंत तरी बिघडत नाही, फक्त एकदा ठरवलं की बदलायचं नाही आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचं. जमिनीवर सतरंजी किंवा जाड फडकं अंथरा. फरशीवर टाकलं की एक नाणं पलंगाखाली जातंच, आणि मग ते मोजायचं की नाही यावर घरात वाद.

तिन्ही नाणी एकदम टाकायची, बेरीज करायची. बेरीज ६, ७, ८ किंवा ९ यांपैकीच येते. ७ म्हणजे अखंड रेघ, ८ म्हणजे मधे तुटलेली. ९ हीसुद्धा अखंड, पण तुटलेलीत बदलणारी. ६ तुटलेली, पण अखंडात बदलणारी. इथली नेहमीची चूक बहुमताची. दोन नाणी यिन आणि एक यांग पडलं की लोक यिनची रेघ काढतात. पण २+२+३ म्हणजे ७, विषम, म्हणून रेघ अखंड. एकटं पडलेलं नाणं निकाल देतं.

असं सहा वेळा, आणि रेघा खालून वर लिहायच्या. पहिली टाक सगळ्यात खाली. वरून खाली लिहायची आपल्या हाताला इतकी सवय आहे की कागदावर आधी खालपासून १ ते ६ आकडे लिहून घेतलेले बरे. ही एक चूक झाली की आकृती उलटी होते, आणि ६४ पैकी फक्त आठच आकृत्या उलटल्यावर तशाच राहतात.

एक कौल पूर्ण करून बघू. समजा खालून वर आकडे आले ८, ९, ८, ८, ८, ७. खालच्या तीन रेघा तुटलेली-अखंड-तुटलेली, म्हणजे खान, पाणी. वरच्या तीन तुटलेली-तुटलेली-अखंड, म्हणजे गन, पर्वत. तक्त्यात खालचं त्रिक आणि वरचं त्रिक जुळवलं की आकृती निघते चौथी, 'मंग', कोवळं अज्ञान. दुसरी रेघ ९ आहे, ती तुटलेली केली की खाली तिन्ही रेघा तुटलेल्या, म्हणजे पृथ्वी. पृथ्वीवर पर्वत ही २३वी आकृती, 'पो', ढासळणं. तिचा मजकूर म्हणतो, कुठेही जाण्यात लाभ नाही.

आता नवशिका २३ वाचून घाबरतो. पण चौथ्या आकृतीच्या दुसऱ्या रेघेचा मजकूर शुभ आहे: अजाणांना सांभाळून घेणं भलं, मुलगा घर चालवायला समर्थ. मग खरं काय धरायचं?

यावर बाराव्या शतकातल्या चू शी या पंडिताचे नियम आजही सगळ्यात उपयोगी. एकही रेघ बदलत नसेल तर मूळ आकृतीचा मुख्य निर्णय, म्हणजे अख्ख्या आकृतीचा मजकूर, वाचायचा. एक बदलत असेल तर त्या एका रेघेचा मजकूर. दोन असतील तर दोन्ही, भर वरच्या रेघेवर. तीन असतील तर दोन्ही आकृत्यांचे मुख्य निर्णय. चार बदलत असतील तर नव्या आकृतीतल्या न बदललेल्या दोन रेघा, भर खालच्या रेघेवर. पाच असतील तर तिथली उरलेली एक. सहाच्या सहा बदलल्या तर नव्या आकृतीचा निर्णय. पहिल्या आणि दुसऱ्या आकृतीसाठी मात्र ग्रंथात वेगळी जादा ओळ दिली आहे. आपल्या उदाहरणात एकच रेघ बदलते, म्हणून कौल चौथ्या आकृतीच्या दुसऱ्या रेघेचा. २३ ही फक्त पार्श्वभूमी.

हे नियम प्रिन्स्टनच्या पुस्तकाच्या पद्धतीशी तंतोतंत जुळत नाहीत. तिथे बदलत्या सगळ्या रेघा वाचा, मग नवी आकृती वाचा, असा सरळ मार्ग आहे. तीन किंवा जास्त रेघा बदलण्याची वेळ साधारण सहा कौलांत एकदा येते, आणि तेव्हा एक रेघ 'पुढे हो' म्हणते, दुसरी 'थांब'. अशा वेळी चू शीचा तक्ता हाताशी असलेला बरा. न बदलणाऱ्या रेघांचा मजकूर मूळ आकृतीत वाचायचाच नाही, हे दोन्ही पद्धतींत समान. सहाही रेघा वाचून आवडेल ती उचलणं हा कौल नव्हे.

काड्यांची पद्धत याहून जुनी आणि संथ. मूळ काड्या चीनमधल्या शी नावाच्या झुडपाच्या. बांबूच्या बारीक काड्या किंवा खराट्याचे हीर उत्तम काम देतात: ५० नग, प्रत्येकी १५ ते २० सेंटिमीटर. टूथपिक घेऊ नका, बोटांच्या बेचक्यात राहत नाहीत. एक काडी बाजूला ठेवायची, ४९ उरतात. त्यांचे अंदाजाने दोन ढीग करायचे, समजा डावा २३ आणि उजवा २६. उजव्यातली एक काडी डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बेचक्यात. मग डावा ढीग चार-चारने मोजायचा, उरतात ३. उजव्यातल्या २५ मधून उरते १. एकूण १+३+१ म्हणजे ५, त्या बाजूला. राहिल्या ४४. पुन्हा दोन ढीग, २० आणि २४. उजव्यातली एक काढली, २३ मधून उरल्या ३. डाव्या २० ला चारने पूर्ण भाग जातो, आणि इथेच घोटाळा होतो: बाकी शून्य नव्हे, ४ धरायची. एकूण १+४+३ म्हणजे ८. राहिल्या ३६. तिसऱ्या फेरीत १७ आणि १९ असे ढीग झाले तर १+१+२ म्हणजे ४ गेल्या, ३२ राहिल्या. ३२ भागिले ४ म्हणजे ८. झाली एक रेघ. अशा सहा रेघांसाठी १८ फेऱ्या, सवय नसेल तर अर्धा तास.

पडताळा असा सांगतात की पहिल्या फेरीत ५ किंवा ९ काड्या जायला हव्यात, पुढच्या दोनांत ४ किंवा ८. पण तो पुरेसा नाही. बाकी शून्य धरण्याची चूक पहिल्या फेरीत लगेच सापडते, कारण एकच काडी बाजूला पडते. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत मात्र बेरीज ४ येते आणि सगळं ठीक दिसतं. वहीत महिनाभर फक्त ९ आणि ८ दिसत असतील, ६ आणि ७ एकदाही नाहीत, तर हीच चूक चालू आहे.

एवढी खटपट कशासाठी? दोन्ही पद्धतींत रेघ बदलती निघण्याची शक्यता सारखीच, चारात एक. पण नाण्यांत ६ आणि ९ प्रत्येकी सोळात दोनदा येतात, तर काड्यांत ६ सोळात एकदा आणि ९ तीनदा. ७ पाचदा, ८ सातदा. म्हणजे काड्यांच्या कौलात यिन रेघ सहसा जागची हलत नाही. हेच प्रमाण हवं आणि वेळ नसेल तर पिशवीत १६ मणी ठेवा: एका रंगाचा १, दुसऱ्याचे ३, तिसऱ्याचे ५, चौथ्याचे ७. मणी काढा, लिहा, परत पिशवीत टाका, हलवा. परत टाकायला विसरलात तर प्रमाण गेलं.

ॲप सोयीचं आहे, पण गुण कमीच देऊ. कोणती पद्धत वापरली ते बहुतेक ॲप सांगत नाहीत, सहाही रेघांचा मजकूर एकदम समोर टाकतात, आणि मुख्य म्हणजे बटण पुन्हा दाबता येतं. चौथ्या आकृतीचा निर्णय याच खोडीबद्दल आहे: पहिल्यांदा विचारलं तर सांगतो, दोनदा-तीनदा विचारणं ही कटकट, आणि कटकट्याला सांगत नाही.

प्रश्न कसा विचारावा यात आपली सवय आड येते. कोकणात-गोव्यात देवाला कौल लावला की उजवा-डावा असा रोकडा निकाल मिळतो. इथे तसं नाही. 'नोकरी मिळेल का?' याला ६४ पैकी एकही आकृती हो-नाही म्हणत नाही. 'ही नोकरी घेतली तर कशाकडे लक्ष द्यावं?' असा प्रश्न टाका. 'हे करू की ते?' हा एक प्रश्न नसून दोन आहेत, दोन वेगळे कौल लावा. नाणी हातात घेण्याआधी प्रश्न आणि तारीख वहीत लिहा. उत्तर आल्यावर प्रश्न बदलण्याचा मोह यानेच सुटतो.

सरावाला एक तयार उदाहरण पुस्तकातच आहे. युंगने प्रस्तावनेत याच अनुवादाबद्दल नाण्यांनी कौल लावला, तेव्हा ५०वी आकृती 'तिंग', यज्ञपात्रासारखी तिवई, आली. दुसरी आणि तिसरी रेघ ९. त्या बदलून ३५वी निघते का ते कागदावर काढून बघा. निघाली तर तक्ता तुम्हाला जमला.

पुस्तकावर खर्च करायचा नसेल तर जेम्स लेगचा १८८२ चा अनुवाद आहे. 'सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट' मालेचा तो १६वा खंड, दिल्लीच्या मोतीलाल बनारसीदासने ही माला पुन्हा छापली आहे, आणि जालावर तो फुकट मिळतो. अभ्यासाला चोख, पण कंस फार, आणि कौल लावणाऱ्याला हाताशी धरून चालवणारा नाही. नावांची स्पेलिंगंही वेगळी: एकाच पहिल्या आकृतीचं नाव तीन पुस्तकांत तीन प्रकारे दिसेल. वहीत नाव लिहू नका, क्रमांक लिहा. या दोन्ही पुस्तकांत १ ते ६४ क्रम तोच आहे.