आधी पेपर की आधी विमान?
सीपीएलसाठी, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी, २०० तास उडायचं असतं, पण सुरुवात कुठून करायची? काही जण घरी राहून डीजीसीएचे (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचे) पेपर आधी पास करतात, तर काही थेट बारामती-गोंदियाच्या फ्लाइंग स्कूलमध्ये दाखल होतात. थेट गेलात तर वाचलेलं लगेच आकाशात दिसतं, हे खरं. पण दिवसा विमान, रात्री नेव्हिगेशनची गणितं. एखादा पेपर अडकला की जीव टांगणीला.

मला आधी पेपर हेच पटतं. हवामानशास्त्र पक्कं असलं की समोरचा ढग नुसता ढग राहत नाही. क्युम्युलोनिंबस, म्हणजे गडगडाटी वादळाचा ढग, ओळखू येतो, वेळीच वळता येतं. फक्त फार रेंगाळू नका, पास झालेल्या पेपरांनाही मुदत असते.

आणि मेडिकल? ते दोन्ही वाटांच्या आधी! पहिल्यांदा क्लास टू, म्हणजे प्राथमिक वैद्यकीय तपासणी, मग क्लास वन, म्हणजे व्यावसायिक वैमानिकांसाठीची जास्त कडक तपासणी. डोळे, कान, ईसीजी तपासल्याशिवाय लाखोंची फी भरू नका, अगदी कळकळीने सांगते.