टवेरा, इकोस्पोर्ट की इनोव्हा? जुनी गाडी घेण्याआधी पार्टचं काउंटर बघा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात तीन नावं हटकून समोर येतात: शेवरोलेची टवेरा, फोर्डची इकोस्पोर्ट आणि टोयोटाची इनोव्हा. पहिल्या दोन अमेरिकन कंपन्यांच्या, तिसरी जपानी. इनोव्हा या दोघींपेक्षा बरीच महाग पडते आणि तिचा मालक घासाघीसही फारशी करू देत नाही. हे जादा पैसे कशाचे, याचं उत्तर बॉनेटखाली अर्धंच सापडतं.

कारण टवेराही मुळात जपानीच. इसुझूची पँथर शेवरोलेचा बिल्ला लावून जनरल मोटर्सने २००४ मध्ये इथे आणली. अडीच लिटरचं डिझेल इंजिन, साधं आणि ओझं ओढणारं. वडापवाल्यांनी (सीटमागे पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्यांनी) माणसं कोंबून ती वर्षानुवर्षं पळवली. पंप-नोझल, क्लच प्लेट, बेअरिंग आजही बाहेरचं मिळतं आणि कुठलाही जुना मिस्त्री बसवून देतो. अडतं ते बाकीच्या सामानावर. हेडलाइट, मीटर, वायरिंग, दरवाजाची काच गेली की भंगारवाल्याकडे फेऱ्या सुरू. गावातल्या गावात चालवायची असेल आणि स्वस्तात मिळत असेल, तर टवेरा अजूनही वाईट नाही. लांबच्या भाड्याला मात्र नको.

इंजिन जपानी असून नाव का बुडालं? जुलै २०१३ मध्ये कंपनीने सुमारे १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या. सरकारी तपासणीला धूर कमी सोडणारी निवडक इंजिनं लावली जात होती आणि वजनाच्या नोंदीतही खेळ होता. काही अधिकाऱ्यांना घरी पाठवलं गेलं. २०१७ अखेर शेवरोलेची भारतातली विक्रीच थांबली. फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ ला इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. दहा वर्षांत दोन अब्ज डॉलरपेक्षा जास्त तोटा झाल्याचं कारण दिलं. तोटा खरा होता, पण त्याआधी गाडी घेतलेल्यांच्या हातात उरलं ते सेवा चालू ठेवण्याचं आश्वासन.

टोयोटानेही इथे गाड्या बंद केल्या. क्वालिस तर ऐन खपात असताना २००५ मध्ये थांबवून इनोव्हा आणली. पण दुकान उघडं राहिलं, म्हणून क्वालिसचं सामान मिळत राहिलं. (टोयोटाचे इथले भागीदार किर्लोस्कर. लक्ष्मणरावांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान टाकलं ते बेळगावातच.)

जनरल मोटर्स आणि टोयोटा या दोन कारभारांमधला फरक पार्टच्या नंबरात सगळ्यात नीट दिसतो. पार्टमध्ये बदल झाला की नंबर बदलायचा, हा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या लहानशा वर्कशॉपलाही ठाऊक असलेला नियम. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कोबाल्ट वगैरे गाड्यांचा इग्निशन स्विच इतका सैल होता, की जड जुडग्याने किंवा गुडघ्याच्या धक्क्याने चावी मागे फिरायची. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅगही उघडायची नाही. २००६ मध्ये स्विच गुपचूप सुधारला, पण नंबर जुनाच ठेवला. त्यामुळे नंतरच्या गाड्यांमध्ये तक्रार का नाही, हे कंपनीच्याच इंजिनियरांना कळेना. रिकॉल निघाला थेट २०१४ मध्ये. कंपनीच्याच भरपाई योजनेने १२४ मृत्यू मान्य केले. बैठकीत सगळ्यांनी माना डोलवायच्या आणि काम कुणीच करायचं नाही, ही तिथली रीत चौकशी अहवालातच नोंदली आहे.

यात माणसांचा दोष काढता येत नाही. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला होता. १९८४ मध्ये टोयोटाने भागीदारीत तोच चालवायला घेतला. कामगार बहुतेक जुनेच, युनियनही तीच. फरक दोरीचा. चूक दिसली की कामगाराने दोरी ओढायची, टीम लीडर धावत येणार, आणि गाडी त्या टप्प्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत दुरुस्त झाली नाही तर लाइन थांबणार. आधी लाइन थांबवणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं होतं. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा वर गेला.

आता फोर्डबद्दल. इकोस्पोर्टचं १.५ डिझेल मॅन्युअल गिअरसह असेल तर बिनधास्त बघा. २०१७ आधीच्या पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये कोरडा डबल क्लच आहे. ट्रॅफिकमध्ये तो तापतो, गाडी थरथरते आणि पुढे कंट्रोल मॉड्यूल जातं. ती टाळाच. १.० इकोबूस्टचा टायमिंग बेल्ट इंजिन ऑइलमध्येच भिजत फिरतो. ऑइल चुकीच्या ग्रेडचं पडलं की बेल्टचे तुकडे पंपाच्या जाळीत अडकतात.

इनोव्हा घेताना डोळे मिटून पैसे मोजू नका. जुन्या २.५ डी-फोर-डी इंजिनला टायमिंग बेल्ट आहे. वेळ झाली की मीटरवर टी-बेल्टचा दिवा लागतो, पण तो बेल्ट न बदलताही विझवता येतो. म्हणून बेल्ट आणि टेन्शनर बदलल्याचं बिल मागा; नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करा. बेल्ट तुटला की वॉल्व पिस्टनवर आदळतात आणि हेड उतरवावं लागतं. नंतर ऑइलचं झाकण उघडून आत टॉर्च मारा. डांबरासारखा काळा थर दिसला तर इंजेक्टरखालचे वॉशर गळत असण्याची शक्यता धरा. काजळी ऑइलमध्ये मिसळते, चेंबरमधली (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीतली) जाळी तुंबते आणि इंजिन जॅम होतं. उपाय म्हणजे नवे वॉशर टाकून, चेंबर उतरवून जाळी साफ करणं. गरम झाल्यावर आयडलला इंजिन वर-खाली करत असेल, तर हाय प्रेशर पंपावरचा एससीव्ही (पंपात जाणारं डिझेल कमी-जास्त करणारा वॉल्व) आधी तपासा. थेट पंप बदलायला सांगणारे भेटतात. नंतर आलेल्या इनोव्हा क्रिस्टाच्या २.४ डिझेलला बेल्टऐवजी चेन आहे.

जपानी म्हणजे सोवळं, असंही नाही. जानेवारी २०२४ मध्ये डिझेल इंजिनांच्या पॉवर चाचणीतली गडबड उघड झाली आणि क्रिस्टा, फॉर्च्युनर, हायलक्स यांची डिलिव्हरी काही दिवस थांबली. निस्सानने २०२२ मध्ये डॅटसनचा गाशा गुंडाळला. मित्सुबिशीवाल्यांनाही पार्टसाठी वणवण आहेच. तेव्हा देश नव्हे, कंपनी बघा.

चोर्ला घाट चढून आलेली गोव्याची, म्हणजे जीए पासिंगची गाडी असेल, तर चटई उचलून फ्लोअर, स्टेपनीची जागा आणि चासीचे जोड पेचकसने टोचून बघा. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेचा गंज रंगाखाली लपतो. कोल्हापूरची एमएच-०९ असो की जीए, मूळ आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. केए-२२ (बेळगाव) किंवा केए-२३ (चिकोडी) करून घेताना कर्नाटकचा लाइफ टॅक्स भरावा लागतो, तो आधी काढून सौद्यात धरा. महाराष्ट्रातला उरलेला टॅक्स परत मागता येतो, पण त्यासाठी इथे भरल्याची पावती लागते. कागद हरवू नका.