व्हॉट्सअ‍ॅप, सिग्नल की टेलिग्राम : मेसेजच्या प्रती कुठे कुठे उरतात ते बघून ठरवा

तिन्ही अ‍ॅप फोन नंबरावर सुरू होतात आणि तिघांच्याही वर्णनात ‘एन्क्रिप्शन’ हा शब्द असतो. त्यामुळे सोसायटीचा ग्रुप असो, कामगार संघटनेचा असो की पत्रकाराशी बोलायचं असो, निवड करणारा माणूस गोंधळतो. नुसतं ‘सेफ कोणतं?’ विचारून हाती काही लागत नाही. मेसेज पाठवल्यानंतर तो वाचता येईल अशा स्वरूपात किती ठिकाणी पडून राहतो, हे विचारलं की तिघांतला फरक लगेच दिसतो.

टेलिग्रामबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे, म्हणून आधी ते. तिथले साधे चॅट, सगळे ग्रुप आणि सगळी चॅनेल कंपनीच्या सर्व्हरवर राहतात आणि ते उघडण्याच्या किल्ल्याही कंपनीकडेच असतात. नव्या फोनवर लॉगिन करताच पाच वर्षांपूर्वीचं बोलणं समोर येतं, ते याच कारणाने. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कंपनीलाही मेसेज वाचता न येणं, हवं असेल तर समोरच्याचं प्रोफाइल उघडून, तीन टिंबांवर दाबून ‘स्टार्ट सीक्रेट चॅट’ निवडावं लागतं. ते फक्त दोघांत चालतं. ग्रुपसाठी ही सोयच नाही. नावाशेजारी कुलूप दिसत नसेल, तर तुम्ही साध्या चॅटमध्ये आहात.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मजकुराचं एन्क्रिप्शन सिग्नलच्याच प्रोटोकॉलवर चालतं आणि एप्रिल २०१६ पासून ते सगळ्यांना आपोआप लागू आहे. मेसेज वाटेत कोणी वाचू शकत नाही, हा दावा खरा मानायला हरकत नाही. माझा आक्षेप त्याच्या पुढच्या टप्प्याला आहे. फोनवरचे चॅट गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर बॅकअप होतात, तेव्हा तो बॅकअप मुळात एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतो. ही सोय २०२१ साली आली, पण ती आपली आपण चालू करावी लागते: सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, आणि तिथे ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप’. पासवर्ड ठेवा किंवा ६४ अंकी किल्ली घ्या. पासवर्ड ठेवलात तर तो कागदावर लिहून घरात ठेवा, कारण विसरलात तर कंपनी बॅकअप उघडून देऊ शकत नाही.

तुम्ही हे केलंत तरी अर्धंच काम झालं. ग्रुपमध्ये २०० जण असतील आणि त्यातल्या एकाने बॅकअप उघडा ठेवला असेल, तर तुमचे त्या ग्रुपमधले मेसेजही त्याच्या बॅकअपमध्ये उघडेच आहेत. शिवाय कोणी तुमची तक्रार केली, तर तुम्ही पाठवलेल्या शेवटच्या पाच मेसेजपर्यंतचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपकडे जातो. ग्रुपच्या माहितीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी’ चालू केली तर चॅट एक्स्पोर्ट करता येत नाही आणि फोटो आपोआप गॅलरीत उतरत नाहीत. स्क्रीनशॉट मात्र त्याने थांबत नाही.

सिग्नलचं वेगळेपण दिसतं ते मजकुराच्या बाहेरच्या माहितीत: कोण कोणाशी, कधी, कुठल्या ग्रुपमध्ये बोललं. २०१६ साली अमेरिकेतल्या न्यायालयीन समन्सला उत्तर देताना सिग्नलकडे द्यायला दोनच गोष्टी होत्या, खातं कधी उघडलं आणि ते सर्व्हरला शेवटचं कधी जोडलं गेलं. बाकी काही साठवलेलंच नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपकडे यापेक्षा कितीतरी जास्त असतं: संपर्क, ग्रुपची नावं, आयपी (इंटरनेटवरचा पत्ता), फोनचं मॉडेल. हीच माहिती मालक कंपनी मेटाच्या इतर कंपन्यांना देण्याबद्दलच्या २०२१ च्या धोरणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपये दंड ठोठावला. पुढे ते प्रकरण अपिलात गेलं.

टेलिग्रामबाबत ‘ते कोणालाच काही देत नाहीत’ ही समजूत आता सोडायला हवी. टेलिग्रामचे संस्थापक पावेल दुरोव यांना ऑगस्ट २०२४ मध्ये फ्रान्समध्ये अटक झाली आणि पुढच्याच महिन्यात धोरण बदललं: वैध कायदेशीर मागणी आली तर आयपी आणि फोन नंबर दिला जाईल. त्याच्याही आधी, २०२२ साली, कॉपीराइटच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशावरून काही चॅनेल चालवणाऱ्यांची माहिती त्यांनी दिली होती. चॅनेलच्या वाचकांना अ‍ॅडमिन दिसत नाही, न्यायालयाला दिसू शकतो.

कायद्याची बाजूही लक्षात घ्या. २०२१ च्या आयटी नियमांतला ४(२) हा नियम ५० लाखांपेक्षा जास्त वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग सेवांना मूळ पाठवणारा शोधून द्यायला सांगतो. त्यासाठी एन्क्रिप्शन मोडावं लागलं तर भारतातून निघून जाऊ, असं व्हॉट्सअ‍ॅपच्या वकिलांनी एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात सांगितलं. ‘सर्व्हर भारतात आहेत म्हणून सुरक्षित’ असं कोणी म्हटलं, तर त्यांना माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६९ कलम वाचायला द्या, सरकारला माहिती उघडून मागण्याचा अधिकार देणारं. स्वदेशी अ‍ॅपलाही तोच प्रश्न विचारावा: किल्ली कोणाकडे?

ग्रुप अ‍ॅडमिनची भीती मात्र थोडी कमी व्हायला हवी. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला केवळ अ‍ॅडमिन म्हणून कोणी जबाबदार ठरत नाही, समान हेतू दाखवावा लागतो, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. तरी पालघरचं प्रकरण विसरू नका. २०१२ साली बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर फेसबुकवर लिहिलं आणि लाइक केलं म्हणून दोन तरुणींना अटक झाली, आणि त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं ते २४ मार्च २०१५ ला.

आता निवड. घर, सोसायटी, शाळेचे पालक यांच्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपच ठेवा, कारण सगळे तिथेच आहेत. बॅकअप एन्क्रिप्ट करा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा अंकी पिन लावा. हजारो लोकांपर्यंत उघडपणे सूचना, जाहिरनामा, पीडीएफ पोचवायचं असेल तर टेलिग्रामचं चॅनेल सोयीचं आहे, पण फलकावर लिहिणार नाही ते तिथे लिहू नका. संघटनेची अंतर्गत चर्चा, गैरव्यवहाराची कागदपत्रं, वकील-अशील संवाद यांच्यासाठी सिग्नल. ग्रुपची मर्यादा तिथे १००० ची आहे, ती अशा कामाला पुरते.

सिग्नल घेतल्यावर पहिल्या दिवशी चार गोष्टी करा. प्रायव्हसीमधल्या ‘फोन नंबर’मध्ये नंबर दिसणं आणि नंबरावरून शोधता येणं, दोन्ही ‘नोबडी’ करा आणि युजरनेम घ्या. ‘रजिस्ट्रेशन लॉक’ चालू करा, म्हणजे तुमच्या नंबरावर सिग्नल नव्याने सुरू करायला तुमचा पिन लागतो. प्रीपेड सिम महिनोन्‌महिने रिचार्ज न करता पडलं तर नंबर दुसऱ्याला दिला जातो, तेव्हा हे उपयोगी पडतं. मेसेज आपोआप पुसण्याची मुदत जास्तीत जास्त चार आठवडे ठेवता येते, संघटनेला एक आठवडा पुरे. आणि नोटिफिकेशनमध्ये नाव-मजकूर दिसणं बंद करा. लॉक असलेल्या फोनच्या पडद्यावर ‘उद्या ११ वाजता कागद घेऊन या’ असं चमकलं, तर एन्क्रिप्शनचा उपयोग काय?

हॅक झालेल्या फोनवर तिघांपैकी कोणीही वाचवत नाही. २०१९ मध्ये पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने सुमारे १४०० फोन लक्ष्य केले गेले, त्यात भारतातले पत्रकार, कार्यकर्ते आणि नागपुरातले एक वकीलही होते. अशा फोनमध्ये एन्क्रिप्शन उलगडलेला मेसेज थेट फोनमधूनच वाचला जातो. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमचं अपडेट पुढे ढकलू नका, आणि ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये ऑफिसचा किंवा सायबर कॅफेचा कॉम्प्युटर राहिलाय का ते दर महिन्याला बघा.

ग्रुप हलवताना जुना ग्रुप ‘फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतात’वर ठेवून नवी लिंक तिथे पिन करा, पंधरा दिवस थांबा, मग बंद करा. त्यात जे बोलून झालंय ते प्रत्येकाच्या फोनमध्ये आणि बॅकअपमध्ये राहतंच. सदस्यांनी आपापल्या फोनवरचं ते चॅट पुसून नवा बॅकअप घ्यावा, हे त्याच पिन केलेल्या मेसेजमध्ये लिहा.